विद्युत्कणांची जोडी कोण जुळवतो?

पावसानंतर आपल्या तेरणाकाठच्या काळ्या रानातून बैलगाडी गेली की मागे चाकोरी उमटते. ती गाडी दूर गेली तरी मागची गाडी आपसूक त्याच चाकोरीत पडते. आजचा विषय समजण्यास हा दाखला ध्यानी ठेवावा.

तारेतून वीज वाहताना विद्युत्कण अडखळतात. तार तापते, शक्ती वाया जाते. १९११ साली हॉलंडात कामरलिंग ओनेस यांना आढळले की, पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यास हा विरोध नाहीसाच होतो. यालाच अतिवाहकता म्हणतात. तिचा उलगडा व्हावयास १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखविले की, विद्युत्कण जोड्यांनी, एका तालात वाहतात. परंतु हे कण तर एकमेकांस दूर लोटणारे. त्यांची जोडी जमावी कशी? एक कण जाताना धनभारित अणूंना किंचित ओढतो व वेगाने निघून जातो. जड अणू सावकाश जागेवर येतात; तेवढ्यात ती चाकोरी दुसऱ्या कणास ओढून घेते.

१९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी तशाच एका संयुगात ती उणे १८० अंशांवर दिसली. तिथेही कण जोडीनेच चालतात, हे प्रयोगांनी ठरले. मात्र जोडी जुळविण्यास अणूंची चाकोरी पुरेशी नाही, असे बहुतेक अभ्यासकांस वाटते. अँडरसन यांनी १९८७ साली मांडले की, शेजारच्या तांब्यांवरील कण आपल्या चुंबकत्वामुळे आधीच जोडलेले असतात. दुसरा पक्ष म्हणतो, चुंबकत्वाच्या लहरीच चाकोरी पाडतात. निकाल अजून लागलेला नाही.

जुना सिद्धांत थंडीतही सर्वत्र पुरा पडतो असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांना शुद्ध बिस्मथ अतिवाहक होताना आढळला. निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०००५३ अंशावर! हे संशोधन २०१७ साली छापून आले. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एकच मोकळा विद्युत्कण असतो, आणि तोही अणूंच्या मानाने पुरेसा वेगवान नसतो. गाडी आणि चिखल एकाच गतीने हलू लागले, तर चाकोरीचा हिशेब कसा जुळावा?

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. जोडी कोण जुळवतो हे कळले, तर घरातल्या उष्णतेतही वीज न गमावणारी तार कोणत्या पदार्थाची करावी, हे विचारपूर्वक ठरविता येईल. तोवर शोध चालू आहे, तो बराचसा चाचपडत.