कादंबरीकाराची ड्युटी किती वाजता लागते?

रायपूरच्या गुढियारीतून बोलतोय. मध्येच ट्रकचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या. किराणा-धान्याचा ठोक बाजार माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

आजचा विषय त्याच बाजारातून आला. तिथल्या एका पेढीवर हिशेब लिहिणारा मराठी मुलगा आपले भाग नेमाने बघतो. मध्यंतरी तो घरी आला, पिशवीत दोनशे पानांचं हस्तलिखित. म्हणाला, "काका, नोकरी सोडतो. पूर्णवेळ कादंबरीकार व्हायचंय." घरी आई आहे, लग्नाची बहीण आहे. मी एवढंच विचारलं, "समज, सोडलीस. आज मंगळवार आहे, सकाळचे दहा वाजलेत. तू काय करतोयस?" त्याला सांगता येईना. म्हणून म्हटलं, कादंबरीकाराचा दिवस असतो तरी कसा, हे नीट मांडून बघू.

पहिली गोष्ट, हजेरी. आम्ही फौजी लोक समजतो की शिस्त आमचीच. इंग्लंडमधला अँथनी ट्रोलप हा कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे लावले होते. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. नाश्त्याआधी तीन तास, आणि मग ऑफिस. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या कितीतरी नोकरीत असतानाच.

एवढा वेग सगळ्यांना जमणार नाही. आपण साधा हिशेब करू. मध्यम कादंबरी ऐंशी हजार शब्दांची धरा. रोज पाचशे शब्द लिहिले तर १६० दिवस लागतात. हा झाला पहिला खर्डा. त्यानंतर वाचायचं, कापायचं, पुन्हा लिहायचं. वर्ष जातं. पाचशे शब्दांना दोन-अडीच तास पुरतात. म्हणजे लिहिण्याचं काम सकाळीच संपतं. मग उरलेला दिवस?

उरलेला दिवस लिहिण्याच्या तयारीत जातो. संदर्भ वाचायचे, माणसांना भेटायचं, जागा बघून यायच्या. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'साठी महाभारताचा अभ्यास केलाच, पण कुरुक्षेत्रही पाहून आले. आमच्याकडे याला रेकी म्हणतात. जमीन न बघता योजना आखली की माणसं मरतात. कादंबरीत पात्रं मरतात, एवढाच फरक. त्याशिवाय प्रुफं तपासणं, पत्रव्यवहार, प्रकाशकाशी बोलणं. वि. स. खांडेकरांची नजर अधू होती. उत्तरायुष्यात ते तोंडी सांगत आणि लेखनिक लिहून घेई. म्हणजे त्यांचा दिवस दुसऱ्याच्या वेळेशीही बांधलेला. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली त्यांच्याच 'ययाति'ने मिळवून दिलं.

दुसरी गोष्ट, मुदत. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. त्यात त्यांच्या कादंबऱ्या आठवड्याला थोड्या थोड्या छापून येत. वाचक पुढच्या अंकाची वाट बघतोय, तेव्हा सुचत नाही म्हणून चालत नाही. त्या सक्तीतून 'पण लक्षात कोण घेतो!' सारखी कादंबरी आली. त्याच धबडग्यात त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. आणि लक्षात घ्या, आपटे तेव्हा पुण्यात आनंदाश्रम संस्थेचं कामही बघत होते. आपण ज्यांना मराठी कादंबरीचे जनक मानतो, त्यांचीसुद्धा दुसरी ड्युटी सुटली नव्हती.

तिसरी गोष्ट पैसा, आणि इथेच घरं बुडतात. समजा पुस्तक अडीचशे रुपयांचं आहे आणि मानधन दहा टक्के ठरलंय. एका प्रतीमागे पंचवीस रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर पंचवीस हजार. ती खपायला दोन वर्षं लागली, तर महिन्याला हजार-सव्वा हजार पडले. पेढीवरचा पगार किती, ते त्या मुलाला माहीत आहे.

म्हणून कराराचा कागद वाचायचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १९ लेखकाने पाठच करावं. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे मी ठेच लागून शिकलो. निवृत्तीनंतर आठवणींचं एक पुस्तक काढलं. युनिटमध्ये प्रत्येक ऑर्डर दोनदा वाचणारा मी, तो करार न वाचताच सही करून मोकळा झालो. पुस्तक संपलं, नवी आवृत्ती निघेना, आणि मी हात चोळत बसलो. अकरा वर्षांनी वकिलाने कागद बघून सांगितलं की त्यात मुदतच लिहिलेली नाही. हक्क कधीच तुमच्याकडे परत आलेत. सहा वर्षं मी माझ्याच वस्तूची परवानगी मागत होतो.

आमच्या रायपूरचंच मोठं उदाहरण बघा. विनोद कुमार शुक्ल हिंदीतले, पण या गावाचे म्हणून आपलेच. ते इथे कृषी महाविद्यालयात शिकवत. 'नौकर की कमीज' १९७९ मध्ये आली. तिचा नायक कारकून आहे, हे मी त्या मुलाला मुद्दाम सांगितलं. 'दीवार में एक खिड़की रहती थी' १९९७ ची. एवढं नाव झालं, साहित्य अकादमी मिळाली, तरी २०२२ मध्ये त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की पुस्तकांचे पैसे फार थोडे मिळतात. त्याच 'दीवार'चे २०२५ मध्ये त्यांना तीस लाख रुपये मिळाले. पुस्तक तेच, मधे वर्षं गेली अठ्ठावीस. तेवढा काळ चूल काही या पुस्तकाच्या जोरावर पेटलेली नव्हती.

सावंतांचंही तसंच. 'मृत्युंजय' १९६७ ला आली आणि घराघरांत गेली. तरी ते शिकवत राहिले, पुढे 'लोकशिक्षण' मासिकाचं संपादन केलं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ लेखनाला बसले ते १९८३ मध्ये. सोळा वर्षांनी!

मग नोकरी कधीच सोडू नये का? तसं मी म्हणणार नाही. सुहास शिरवळकरांसारखे लेखणीवर उभे राहिलेलेही आपल्याकडे झाले. पण त्यांच्या मागे पुस्तकांची रांग होती आणि वाचनालयात पुढच्या पुस्तकासाठी नंबर लावणारा वाचक होता. पहिल्या हस्तलिखिताच्या जोरावर कुणी राजीनामा देऊ नये. एक वर्ष रोज हजेरी लावून बघा. मग एका वर्षाचा घरखर्च बाजूला काढा. आणि सही करण्याआधी कागद वाचा.

त्या मुलाची पेढी दहाला उघडते. मी त्याला सांगितलं, साडेपाच ते साडेसात तुझे. वहीत तारीख टाक, शब्द मोज, खाडा झाला तर तोही लिही. काल तो वही दाखवायला आला. पन्नास दिवसांत एकेचाळीस हजेऱ्या, नऊ खाडे. खाड्यांबद्दल मी बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "काका, जुन्या दोनशे पानांतली साठच ठेवलीत." मी मग काही बोललो नाही. चहा टाकायला सांगितला.

तुमच्या घरात असं कुणी लिहिणारं असेल तर त्याला हा भाग जरूर ऐकवा. पुढच्या वेळी भेटू. जय हिंद.