लंडनचं वार्तापत्र : कादंबरीला वाली कोण?

अहिल्यानगर जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांत एक विचारणा हमखास असते. संगमनेर, अकोले, कोपरगाव, नेवासे अशा ठिकाणी कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी पतसंस्थेत नोकरी करतं. पहिली कादंबरी लिहून झालेली असते आणि मागणी असते ती लंडनच्या एखाद्या प्रकाशकाच्या पत्त्याची. 'इंग्रजी करून घेतो आणि बाड धाडून देतो,' असं लिहितात. पत्ता पाठवून काम होणार नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

इथले मोठे प्रकाशक लेखकानं परभारे पाठवलेलं हस्तलिखित सहसा स्वीकारतच नाहीत. मग ते पेंग्विन असो, हार्परकॉलिन्स असो की पॅन मॅकमिलन. मधे लागतो लिटररी एजंट. तो हस्तलिखित वाचतो, पटलं तर लेखकाचं काम हाती घेतो, दुरुस्त्या सुचवतो, कोणता संपादक ते आवडीनं वाचेल हे ओळखून त्याच्याकडे नेतो, रकमेची घासाघीस करतो आणि करारातलं कलम न् कलम तपासतो. मोबदला टक्क्यांत मिळतो. देशातल्या विक्रीवर साधारण 15 टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर 20 टक्के. लेखकाला दमडी मिळाली नाही तर एजंटालाही मिळत नाही. 'वाचनाची फी' मागणाऱ्यापासून इथले लेखक चार हात दूर राहतात. एजंटांच्या संघटनेची आचारसंहिताच सभासदांना तशी फी घेऊ देत नाही.

ही पद्धत इथे जुनी आहे. अलेक्झांडर पोलॉक वॉट या स्कॉटिश गृहस्थानं 1875 च्या सुमारास लेखकांच्या वतीनं व्यवहार करायला सुरुवात केली आणि दहा टक्के घेण्याचा पायंडा पाडला. मुंबईत जन्मलेला किपलिंग त्याच्याच पदरी होता. आपल्या जिल्ह्याचाही या व्यवहाराशी जुना धागा आहे. नगरच्या किल्ल्यात 1944 साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्याआधीचं त्यांचं आत्मचरित्र 1936 मध्ये लंडनला निघालं, तेव्हा एजंटाचं काम व्ही. के. कृष्ण मेनन यांनी पाहिलं होतं. तुरुंगात येरझारा घालणाऱ्या लेखकासाठी लंडनमध्ये कुणीतरी खंबीरपणे उभं असणं किती गरजेचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

आता नव्या कादंबरीकाराचा रस्ता. 'रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक' नावाचं जाडजूड वार्षिक पुस्तक इथल्या बहुतेक वाचनालयांत असतं. त्यात एजन्सींची नावं, त्यांना काय हवं आणि काय नको हे छापलेलं असतं. त्यातून आपल्या जातकुळीचे एजंट निवडायचे, आणि एजन्सीला नव्हे, तर त्या माणसाला नावानं पत्र लिहायचं. पत्र एका पानाचं. कादंबरी कोणाची, पेच कोणता, शब्द किती, कोणत्या पुस्तकांच्या शेजारी ती शोभेल आणि लिहिणारा कोण, एवढं त्यात यावं. सोबत पानभराचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. सारांशात शेवटासकट सगळं सांगायचं असतं. आपल्याकडचे लेखक इथेच अडखळतात. मलपृष्ठावरच्या मजकुरासारखं उत्कंठा ताणून धरणारं काहीतरी पाठवतात. एजंटाला मात्र बघायचं असतं की लेखकानं गोष्ट तडीस नेली आहे की नाही.

एकाच वेळी सात-आठ जणांकडे पाठवायला हरकत नसते. तसा रिवाजच आहे. मग वाट बघायची. आठ ते बारा आठवडे हा सर्वसाधारण काळ. 'साभार परत' म्हणण्याचं सौजन्यही अनेक एजन्सी आता दाखवत नाहीत. मुदत उलटली की नकार समजायचा. जे. के. रोलिंगनं एजंट ख्रिस्तोफर लिटल यांचं नाव वाचनालयातल्या अशाच यादीतून काढलं होतं. त्यांच्या कचेरीत ब्रायनी एव्हन्स या तरुण कर्मचारिणीनं परत पाठवायच्या गठ्ठ्यातून रोलिंगची प्रकरणं बाजूला काढली आणि पुढची मागवावीत असा आग्रह धरला. त्यानंतरही डझनभर प्रकाशकांनी नकार दिला, पण तोवर ते नकार झेलायला लेखिकेसोबत दुसरं कुणीतरी होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

एजंट मिळाल्यावर काय पालटतं, हे सांगायला नगरमध्येच जन्मलेल्या एका लेखकाचं उदाहरण आहे. स्पाइक मिलिगन. जन्म 16 एप्रिल 1918, अहमदनगर. वडील ब्रिटिश लष्करात तोफखान्यात होते. मिलिगनचं बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं आणि पोरवयातच तो इंग्लंडला आला. बीबीसीवरच्या 'द गून शो'नं त्याला घरोघरी पोचवलं. पहिली कादंबरी 'पकून' 1963 मध्ये आली. पण मला त्याचं दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं. 1950 च्या दशकात त्यानं एरिक साइक्स, रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन या लेखक मित्रांबरोबर स्वतःचीच एजन्सी काढली : असोशिएटेड लंडन स्क्रिप्ट्स. पश्चिम लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये, भाजीच्या दुकानावरच्या मजल्यावर. लेखकच तिचे मालक. पुढे बिऱ्हाड केन्सिंग्टन गार्डन्सजवळच्या 9, ऑर्म कोर्टला हललं. मिलिगन तिथे कित्येक वर्षं लिहीत होता.

या कचेरीत टंकलेखन करायला बेरिल व्हर्च्यू नावाची तरुणी आली, सिम्पसनची शाळेतली मैत्रीण. एजंट व्हायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण लेखकांचे पैसे, तारखा आणि करार कुणीतरी बघायला हवे होते. ती बघू लागली आणि त्यात तरबेज झाली. याच कचेरीतल्या टेरी नेशननं बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेसाठी 1963 मध्ये दॅलेक नावाचे यांत्रिक खलनायक कल्पिले. त्यांच्यापासून बनणाऱ्या वस्तूंच्या उत्पन्नात लेखकाचा वाटा राहावा, हे व्हर्च्यूनं बीबीसीकडून मान्य करून घेतलं. त्या वेळी कुणाला ते कलम महत्त्वाचं वाटलं नसेल. मग दॅलेकच्या खेळण्यांची लाट आली आणि नेशन श्रीमंत झाला. पुढे याच बाईंनी 'स्टेप्टो अँड सन' या मालिकेची मूळ कल्पना अमेरिकेत विकली आणि तिथे 'सॅनफर्ड अँड सन' उभी राहिली. लिहिताना लेखकाचं लक्ष वाक्यावर असतं आणि तसंच असायला हवं. सहीच्या वेळी मात्र कागद वाचणारं दुसरं माणूस शेजारी हवं.

याचा अर्थ एजंट मिळाला की सुखाचे दिवस आले, असा नाही. लेखकांच्या हक्कांचं मानधन गोळा करणाऱ्या इथल्या संस्थेनं 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, लेखन हाच मुख्य व्यवसाय असणाऱ्यांची लेखनातून होणारी मध्यम वार्षिक कमाई 7,000 पौंड निघाली. 2006 मध्ये ती 12,330 होती. लंडनमध्ये तेवढ्यात घरभाडंही निघत नाही. शिवाय आगाऊ रक्कम एकदम हाती पडत नाही. सहीला, हस्तलिखित सोपवल्यावर, पुठ्ठाबांधणीची आवृत्ती आल्यावर आणि साधी निघाल्यावर अशी ती तुकड्यातुकड्यानं येते.

आणि ओळखीपाळखी? त्या इथेही लागतातच. आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' चौफेर नाकारलं गेलं, तेव्हा ऑक्सफर्डमधल्या मित्रानं, किट पूर्णानं, ते ग्रॅहम ग्रीनला दाखवलं. 1935 मध्ये पुस्तक निघालं आणि ग्रीननंच नारायणांना आपल्या एजंटाकडे, डेव्हिड हायमकडे धाडलं. साठ वर्षांनी अरुंधती रॉय यांचं हस्तलिखित पंकज मिश्रांनी इंग्लंडला पोचवलं आणि ते वाचून एजंट डेव्हिड गॉडविन यांनी सरळ दिल्लीचं विमान पकडलं. हे दोघे इंग्रजीत लिहिणारे. मराठीत लिहिणाऱ्याचं हस्तलिखित असं ग्रीनच्या टेबलावर जाऊन पडत नाही.

मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. त्याचे फायदे आहेतच. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचं 'बलुतं' 1978 मध्ये 'ग्रंथाली'नं काढलं, आणि वाचकांच्या चळवळीतून ते गावोगाव गेलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण पुढचा प्रवास आपल्या प्रश्नाचा आहे. गी प्वातव्हँ यांच्यामुळे फ्रेंचमध्ये ते 1990 मध्ये आलं. इंग्रजीत, जेरी पिंटो यांच्या अनुवादानं, 2015 मध्ये. सदतीस वर्षं! एवढा जबर ऐवज हाती असताना तो घेऊन संपादकांच्या दारी जाणं हे कुणाचं कामच नव्हतं. अनुवादकाला ओढ लागली म्हणून ते घडलं. ज्यांना असा अनुवादक भेटला नाही त्यांची पुस्तकं मराठीतच राहिली. मला याची खंत वाटते आणि ती लपवावीशी वाटत नाही.

बाजूच्या भाषांत काय चाललंय ते बघा. 2022 चं आंतरराष्ट्रीय बुकर गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला मिळालं, 2025 चं बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना. 50,000 पौंडांचं हे पारितोषिक लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मंनिम्मं वाटलं जातं. दोन्ही पुस्तकांमागे भारतातलाच एक एजंट होता, 'रायटर्स साइड'चे कनिष्क गुप्ता. दोन्ही पुस्तकं इथे छोट्या प्रकाशकांनी काढली. बानू मुश्ताक यांचं पुस्तक तर लंडनचंही नाही, शेफिल्डच्या 'अँड अदर स्टोरीज'चं. तेव्हा लंडनच्या बड्या नावांमागे धावण्याऐवजी आपल्या माणसांनी आधी भारतातला एजंट गाठावा, असं माझं स्वच्छ मत आहे.

पाठवायचं काय, तेही सांगतो. संपूर्ण कादंबरी घाईनं इंग्रजीत करून घेऊ नका. कच्चं इंग्रजी पहिल्याच पानावर घात करतं. मुरलेल्या अनुवादकाकडून वीस-तीस पानं करून घ्या, सोबत सारांश आणि मराठीत आलेल्या परीक्षणांचा गोषवारा जोडा. मार्चमध्ये लंडन बुक फेअर भरतो, तेव्हा क्रमांक घातलेल्या टेबलांवर एजंट आणि परदेशी संपादक अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटींत असल्याच पानांवर बोलतात. या भेटी कितीतरी आधी ठरलेल्या असतात, म्हणून त्या सुमारास काही पाठवू नका, ते वाचायला कुणाला सवड नसते. मराठी प्रकाशकाच्या करारावर सही करण्याआधी अनुवादाचे हक्क कुणाकडे आणि किती वर्षं राहणार, ते कलम बघा. करारच झालेला नसेल तर आधी तो लेखी करून मागा. भारतातला एजंट पहिल्या पत्राच्या उत्तरात हेच विचारेल.