उत्किआग्विकची शनिवारची व्याख्यानं

अलास्काच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठावर उत्किआग्विक हे गाव आहे. २०१६ पर्यंत त्याचं अधिकृत नाव बॅरो होतं. बाहेरून तिथं रस्ता जात नाही. वस्ती प्रामुख्यानं इनुपियात लोकांची, आणि देवमाशाची शिकार हा त्यांच्या जगण्याचा कणा. अमेरिकी नौदलानं १९४७ मध्ये इथं आर्क्टिक संशोधनशाळा काढली. नौदल गेल्यावर ती जागा इनुपियात लोकांच्या कंपनीकडे आली. या कंपनीनं १९९२ मध्ये स्वतःची ७,४६६ एकर जमीन संशोधनासाठी राखून ठेवली. १९९५ मध्ये गावातल्या संस्थांनी मिळून विज्ञान मंडळ स्थापन केलं. बाहेरून आलेल्या संशोधकांनी शनिवारी गावकऱ्यांसमोर आपलं काम मांडायचं, हा त्याचा एक उपक्रम. पक्षी, समुद्री बर्फ, गोठलेली जमीन, जुन्या वस्त्यांचे अवशेष असे विषय असत. जाहीर व्याख्यान म्हणजे जाणत्यानं अजाणत्यांना सोपं करून सांगणं, अशी आपली समजूत असते. इथं ती लागू पडत नाही. इथल्या श्रोत्यांकडे विषयाचा पुरावा असतो, म्हणून त्यांच्यासमोर बोलणं ही संशोधनाचीच एक पायरी आहे, असं माझं मत आहे.

याचा सर्वांत भक्कम दाखला या व्याख्यानांच्या आधीचा आहे. बोहेड जातीचे देवमासे फार तर दोन हजार उरलेत, अशा अंदाजावरून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं १९७७ मध्ये इनुपियातांच्या शिकारीवर बंदी घातली. वसंतात बर्फाला लांबच लांब भेग पडते. तिच्या काठावरच्या उंचवट्यावर उभं राहून निरीक्षक जाणारे मासे मोजत. भेग मिटली की मोजणी थांबे, कारण मासेही थांबले असणार असं गृहीत होतं. शिकारी सांगत होते की मासे थांबत नाहीत. ते बर्फाखालून जातात, डोक्यानं धडक देऊन बर्फ वर उचलतात आणि त्या फटीतून श्वास घेतात. शिवाय काठावरून दिसणारही नाहीत इतक्या दूरवरून कित्येक जातात. हॅरी ब्रॉवर या ज्येष्ठ शिकाऱ्यानं हे थॉमस अल्बर्ट या शास्त्रज्ञाला समजावलं, आणि अल्बर्टनं ते तपासण्याजोगं मानलं. पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं, सोडले गेले. भेग मिटलेली असतानाही खालून माशांचे आवाज येत राहिले. १९९३ चा अंदाज सुमारे आठ हजारांवर गेला, २०११ चा जवळपास सतरा हजारांवर. यातली काही वाढ खरोखरच झालेली होती, पण मूळची मोजणी तोकडी होती हे निर्विवाद ठरलं.

यावर आक्षेप येतो की शिकार चालू राहण्यात शिकाऱ्यांचा स्वार्थ होता, मग त्यांच्या शब्दावर विसंबायचं कसं? विसंबू नयेच. त्यांचं म्हणणं तपासता येण्याजोगं होतं, ते तपासलं गेलं आणि टिकलं. शिकाऱ्यांच्या ज्ञानातून आकडा निघत नाही, हा दुसरा आक्षेप बरोबर आहे. आकडा यंत्रांनी आणि गणितानं दिला. मात्र कुठं ऐकायचं हे शिकाऱ्यांनी दाखवलं, आणि ते कळलं नसतं तर चुकीचाच आकडा अधिकाधिक काटेकोर होत गेला असता.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशी सभा हा निव्वळ देखावाही ठरू शकतो. याच किनाऱ्यावर पॉइंट होप या गावाजवळ अणुस्फोटांनी बंदर खोदण्याची अमेरिकी अणुऊर्जा आयोगाची योजना होती. १९६० च्या मार्चमध्ये आयोगाची माणसं ती समजावायला त्या गावात आली आणि मासे, कॅरिबू, माणसं यांना धोका नाही असं सांगू लागली. गावकऱ्यांनी सभा टेपवर मुद्रित केली, किरणोत्साराबद्दल नेमके प्रश्न विचारले आणि विरोध ठामपणे नोंदवला. १९६२ मध्ये योजना गुंडाळली गेली. आयोगाला तिथं फक्त होकार हवा होता. व्याख्यात्याचं म्हणणं बदलण्याची शक्यताच नसेल तर ते व्याख्यान प्रचारच ठरतं, मग त्यात विज्ञान कितीही असो.

म्हणून आर्क्टिकमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पानं निष्कर्ष छापण्याआधी गावात परत जाऊन ते मांडावेत, आणि त्या प्रवासाचा खर्च नमुने गोळा करण्याच्या खर्चाइतक्याच हक्कानं अंदाजपत्रकात धरावा.