यूएसबी तपासायला स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर घेताय? आधी स्पीड बघा

यूएसबी डीबग करायला कमी खर्चातला लॉजिक ॲनालायझर कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: तुमचं डिव्हाइस कोणत्या स्पीडला चालतं? जाहिरातीतल्या 8 किंवा 16 चॅनेलना इथे फारसा अर्थ नाही. यूएसबी 2.0 मध्ये डेटाच्या दोनच तारा असतात, डी प्लस आणि डी मायनस.

लो स्पीड म्हणजे सेकंदाला 1.5 मेगाबिट, फुल स्पीड 12 आणि हाय स्पीड 480. हॉबी प्रोजेक्टमधले बरेचसे बोर्ड, उदाहरणार्थ आर्डुइनो लिओनार्डो किंवा रास्पबेरी पाय पिको, फुल स्पीडवर चालतात.

आता सगळ्यात स्वस्त मिळतो तो 24 मेगाहर्ट्झचा 8 चॅनेलवाला छोटा डबा. लो स्पीडला तो बिटमागे 16 सॅम्पल घेतो, म्हणजे काम मस्त होतं. फुल स्पीडला मात्र 24 भागिले 12, दोनच सॅम्पल! यूएसबीत क्लॉकची वेगळी तार नसते, सिग्नल कधी बदलला यावरूनच बिट ओळखायचे असतात. दोन सॅम्पलमध्ये एखादा बिट सहज निसटतो, डीकोडर सीआरसी चुकल्याचं सांगतो आणि आपण धडधाकट फर्मवेअरमध्ये बग शोधत बसतो. बिटमागे निदान चार सॅम्पल हवेत, म्हणजे 48 मेगाहर्ट्झ. नवीन घेणार असाल तर मी 100 मेगाहर्ट्झचाच घ्या म्हणेन.

पण नुसता आकडा बघून भुलू नका. पिकोवर फर्मवेअर टाकून 100 मेगाहर्ट्झचा ॲनालायझर बनवता येतो, तोही अगदी स्वस्तात. त्याची रॅम 264 किलोबाइट. सॅम्पलमागे एक बाइट धरली तर जेमतेम अडीच मिलिसेकंदांचं रेकॉर्डिंग. डिव्हाइस जोडल्यावर होणारा रिसेटच किमान 10 मिलिसेकंद चालतो! त्यामुळे ट्रिगर नीट लावून एखादं पॅकेट पकडायला पिको ठीक. पूर्ण एन्युमरेशन बघायचं तर मोठी मेमरी असलेला किंवा डेटा सलग कॉम्प्युटरला पाठवणारा ॲनालायझर हवा.

हाय स्पीडसाठी मात्र या किमतीत काही शोधूच नका. वेग झेपत नाही, शिवाय तिथला सिग्नल साधारण 400 मिलिव्होल्टचा, तो या डब्यांना दिसतही नाही. डिव्हाइस आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जुना यूएसबी 1.1 हब लावला तर बहुतेक डिव्हाइस फुल स्पीडवर उतरतात. आणि अडचण ड्रायव्हरची वाटत असेल तर लिनक्सवर यूएसबीमॉन आणि वायरशार्क वापरा, फुकटात काम होतं. फक्त तारेवरची गडबड, म्हणजे चुकलेला पुल-अप रेझिस्टर वगैरे, त्यात दिसत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पल्सव्ह्यू पुरेसं आहे, त्यात यूएसबीचे डीकोडर तयार असतात. ग्राउंडची तार आखूड ठेवा. आणि ॲनालायझर व तपासायचं डिव्हाइस एकाच हबला लावू नका. 24 मेगाहर्ट्झचा डबा एकटाच सेकंदाला 24 मेगाबाइट ओततो, गर्दी झाली की रेकॉर्डिंग मध्येच तुटतं.