यूनानी व्यापाऱ्याची वही आणि आपले चौल बंदर

यूनान आणि रोम म्हटले की आपल्या लोकांना सिकंदर आठवतो, अफलातून आणि अरस्तू आठवतात, नाहीतर हकीमसाहेबांची यूनानी दवा आठवते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथेही यूनानची ओळख एवढीच झाली. बादशहा, फिलसूफ आणि हकीम. त्यात व्यापारी कुठेच नव्हता. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सल्तनतीतला माल आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होता आणि आपल्या विणकरांचे कापड तिकडे जात होते, ही गोष्ट आज रोहा, पेण, अलिबागच्या बाजारात गादीवर बसणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यामागे आमचा एक मतलबही आहे, तो शेवटी सांगू.

रोह्याला लागून वरसे आहे. या भागातली कुंडलिका नदी रोह्यावरून पश्चिमेला वाहत जाते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. त्या मुखाजवळच चौल. आज तिथे नारळ-सुपारीच्या वाड्या दिसतात. पण एकेकाळी हे नामांकित बंदर होते. यूनानी भाषेत त्याचे नाव 'सेमिला' किंवा 'सिमुल्ला' असे लिहिलेले सापडते. इसवी सन १५० च्या सुमाराचा भूगोलकार टॉलेमी तर सांगतो की, इथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात आणि ही माहिती तिथून जहाजाने आलेल्या लोकांकडून मिळाली. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुला' आहे. पुढे अरबांनी त्यालाच 'सैमूर' म्हटले. बंदर एक, नावे चार.

वहीत काय लिहिले आहे?

या सगळ्यात आम्हा व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पुस्तक एकच. त्याचे नाव 'पेरिप्लस', म्हणजे समुद्रप्रवासाची माहिती. लिहिणारा मिसर देशात राहणारा, यूनानी बोलणारा माणूस होता. त्याचे नाव कुणाला माहीत नाही. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य. तो विद्वान नव्हता, त्याची भाषाही साधी, बाजारातली आहे. कोणते बंदर कुठे, तिथे काय खपते, काय मिळते, धोका कुठे आहे, एवढेच त्याने टिपले. आपला दिसावरी फिरणारा माणूस डायरीत लिहील, अगदी तसे.

कल्याणच्या पुढे कोणकोणती बंदरे लागतात ते सांगताना तो सेमिलाचे नाव घेतो, त्यानंतर 'मंदगोरा'. पुष्कळ अभ्यासक हे दुसरे बंदर म्हणजे राजपुरी खाडीवरचे मांदाड समजतात, जिथे कुड्याची लेणी आहेत. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील दोन ठिकाणे त्या वहीत आली.

भडोचच्या बाजाराचा तर त्याने भावतक्ता सोडून सगळा तपशील दिला आहे. आयात माल असा: दारू, त्यातही इटलीची पसंतीची, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सुरमा, आणि एक हात रुंदीचे रंगीत कमरपट्टे. सोन्या-चांदीची नाणीही येत, आणि स्थानिक नाण्याशी बदलताना त्यावर फायदा होतो, हेही तो लिहायला विसरत नाही. निर्यात माल असा: सर्व तऱ्हेचे सुती कापड, रेशमी कापड, सूत, हस्तिदंत, अकीक आणि पिंपळी.

हे कापड यायचे कुठून? तो सांगतो, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीक येई, तर तेरहून पुष्कळसे साधे कापड आणि निरनिराळ्या प्रकारची मलमल. हा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून आणत. बांधवांनो, 'साधे कापड' हे शब्द लक्षात ठेवा. मलमलीची तारीफ सगळे करतात. पण मराठवाड्यातल्या कुणा विणकराचे जाडेभरडे ठाणसुद्धा समुद्रापार जात होते आणि एका परदेशी माणसाला ते लिहून ठेवावेसे वाटले.

या व्यापारात रोमचा पैसा इतका बाहेर जाऊ लागला की तिकडे बोंब झाली. रोमचा लेखक प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये मरण पावला, तक्रार करतो की, हिंदुस्थान दरवर्षी आपल्या सल्तनतीचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तो माल आपल्याकडे मूळ किमतीच्या शंभरपट भावाने विकला जातो. शंभरपट ही अतिशयोक्ती असेल. पण पैसा कोणत्या दिशेला वाहत होता, ते कळते.

बंदर बंद पडले तर

आणखी एक नोंद कल्याणची आहे. पूर्वीच्या राजाच्या काळात कल्याण ही रीतसर मान्यतेची पेठ होती. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले आणि व्यापाराला अडथळा झाला. चुकून एखादे यूनानी जहाज तिथे लागले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. माल खराब नव्हता, कारीगर कमी पडले नव्हते. दोन राजांच्या भांडणात पेठ मारली गेली.

या भांडणाचा पुरावा आपल्याच मातीत निघाला. भडोचच्या बाजूचा राजा नहपान आणि इकडचे सातवाहन. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. गंमत अशी की, नहपानाच्या या नाण्यांवर यूनानी अक्षरेही आहेत. नाशिकच्या बाजारात चालणाऱ्या रुपयावर यूनानी अक्षर! व्यापार कुठवर पोहोचला होता, याची साक्ष यापेक्षा वेगळी कशाला हवी?

कार्ल्याच्या लेण्यात काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत 'यवन' म्हणवणारे लोक आहेत. 'यवन' आणि आपला 'यूनान' हे दोन्ही शब्द एकाच 'आयोनिया' या नावापासून आले. पुढे मराठी बखरींत मुसलमानांना यवन म्हटले जाऊ लागले. परंतु मुळात तो शब्द यूनान्यांचा होता आणि कार्ल्याच्या खांबावर तो शिवी म्हणून नव्हे, दात्याची ओळख म्हणून कोरलेला आहे.

आपल्या वह्या कुठे गेल्या?

आता आमच्या मतलबाची गोष्ट. वर जे सांगितले ते बहुतेक परक्याच्या वहीतून आले. मग आपले व्यापारी लिहीत नव्हते काय? लिहीत होते. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला. त्या उत्पन्नातून लेण्यातल्या भिक्षूंना वस्त्रे मिळायची. पुढचे वाक्य आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे विणकरांची संघटना होती, दप्तर होते, नोंद होती. दप्तर गेले. दगडावर कोरले तेवढे राहिले.

मिसरमध्ये उलट झाले. तिथे पाऊस नाही, वाळू कोरडी. म्हणून हिशेबाचा कागदसुद्धा टिकला. केरळच्या मुझिरिस बंदरातून गेलेल्या मालाचा असा एक कागद आज व्हिएन्नात आहे आणि १९८५ साली तो छापून प्रसिद्ध झाला. एका बाजूला कर्जाचा करार, दुसऱ्या बाजूला 'हर्मापोलोन' नावाच्या जहाजावरच्या मालाचा हिशेब. त्यावरून कळले की रोमचे सरकार या मालावर चौथा हिस्सा जकात घेत असे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात १९९४ पासून उत्खनन सुरू झाले, तिथे साडेसात किलो काळी मिरी भरलेला हिंदुस्थानी रांजण निघाला, सागवान निघाले आणि सुती कापडाच्या चिंध्या निघाल्या. त्या चिंध्या हिंदुस्थानच्या हे कसे ओळखले? सुताच्या पिळावरून! मिसरचे लोक सूत एका दिशेला पिळत, आपल्याकडे उलट दिशेला. कारीगराचे नाव पुसले गेले, पण त्याच्या हाताचा पीळ दोन हजार वर्षे सुटला नाही.

चौलचे पुढेही तेच झाले. हिजरी ३०४, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी सैमूरला आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहिले. तेच समुद्र, तेच वारे. ज्या 'मौसिम' शब्दावरून इंग्रजांनी 'मॉन्सून' केला, त्याच वाऱ्यावर आधी यूनानी आले आणि नंतर अरब. पण ते दहा हजार लोक काय विकत होते, कुणाशी उधारी होती, कोणत्या भावाने कापड घेत होते, हे त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेले आपल्यापर्यंत काही आले नाही.

आज काय चालले आहे? जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. त्यानंतर ती रद्दीत जातात. जुन्या पेढ्यांच्या उर्दू, मोडी, गुजराती वह्या तर मुलांना वाचता येत नाहीत, म्हणून आधी जातात. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, वाळवी आणि कसर यांतून वाचलेले शेवटी किलोच्या भावाने जाते. पेण-रोह्याच्या बाजारात लुगड्याचे कोणते नंबर खपत होते, भिवंडी-मालेगावहून गाठी कशा येत, गलबताचे भाडे काय होते, हे पन्नास वर्षांनी कुणी विचारले तर दाखवायला काय उरेल?

म्हणून बांधवांनो, विनंती अशी. घरातली सर्वांत जुनी वही शोधा. ती कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवा. तिच्यावर वर्ष, पेढीचे नाव आणि गाव लिहा. मोबाइलने पानापानाचे फोटो काढा, ही आता पाच मिनिटांची गोष्ट झाली आहे. कुणाची खासगी उधारी असेल तर ते पान झाकून ठेवा, पण फाडू नका. घरात बुजुर्ग असतील तर त्यांना जवळ बसवून ती लिपी मुलांकडून वाचून घ्या. आणि कारीगराचे नाव, गाव, सुताचा नंबर, मजुरी यांची चार ओळींची नोंद स्वतःच्या हाताने करा.

त्या अनाम यूनानी व्यापाऱ्याने काही मोठे काम करतो आहोत असे समजून लिहिले नव्हते. दुसऱ्या व्यापाऱ्याला फसगत होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. त्याच्या वहीमुळे तेरच्या विणकराचे साधे ठाण आज जगाला माहीत आहे. आपल्या विणकराची आणि आपल्या बाजाराची साक्ष या वेळी तरी आपल्याच वहीत सापडली पाहिजे.