फिरतीची साधने (लेखांक 7) : यंत्र चावडीपाशी का थांबते?

भर दुपारच्या उन्हात पडदा कितपत वाचता येतो आणि खडबडीत रस्त्यावर हादरणाऱ्या डॅशबोर्डवर यंत्राची बैठक कशी पक्की करावी, या दोन गोष्टींचा विचार आज करावयाचा, असे मी कबूल केले होते. परंतु फलटण तालुक्यातून आलेल्या एका पत्राने असा प्रश्न पुढे केला आहे की, त्याचा निकाल लागल्यावाचून पडद्याच्या नि बैठकीच्या चर्चेत फारसा अर्थ उरत नाही, म्हणून तो मजकूर एक आठवडा लांबणीवर टाकतो.

पत्रलेखक दूध संकलन केंद्रांवरील बल्क कूलरांच्या दुरुस्तीचे काम करतात. त्यांचे म्हणणे असे की, यंत्र रस्ता बिनचूक दाखविते, वळणांची वर्दी वेळेवर देते आणि गावच्या चावडीपाशी आणून सोडून 'आपण ठिकाणावर पोहोचलात' असे जाहीर करते. बंद पडलेला कूलर मात्र तेथून चार-पाच किलोमीटर दूर एखाद्या वस्तीवर असतो, आणि टाकीतले दूध नासण्याच्या बेतात असते. अधिक किमतीचे, अधिक उपग्रह पकडणारे यंत्र घेतल्यास हा त्रास टळेल काय, असे ते विचारतात.

तो टळणार नाही, आणि का टळणार नाही हे फिरतीवरच्या प्रत्येक कारागिराने पैसे मोजण्यापूर्वी समजून घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपापली वेळ सांगत राहतात. त्यांपैकी किमान चारांचे संदेश आपल्यापर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःचे स्थान काढते, आणि उघड्या माळावर ते सामान्यतः काही मीटरांच्या आत बरोबर असते. अर्थात उपग्रहांच्या साहाय्याने कळते ते एवढेच की, तुम्ही कोठे आहात. गिऱ्हाईक कोठे आहे ही माहिती आकाशातून येत नाही. ती माणसांनी तयार केलेल्या नावनिशीवार दप्तरातून येते, आणि त्या दप्तरात मौजे अमुक म्हणून जी नोंद असते ती पुष्कळदा एकाच बिंदूची, म्हणजे गावठाणाची असते. पाटाचे पाणी आल्यापासून नीरेच्या खोऱ्यातला शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहावयास गेला, वस्त्यांना आडनावांवरून नावे पडली, आणि शिंदेवस्ती किंवा जाधववस्ती एकाच तालुक्यात ठिकठिकाणी निघू लागली. त्यांतील कित्येकींचा नकाशात मागमूसही नाही. त्यात अलीकडे अहमदनगरचे अहिल्यानगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यामुळे, जुना नकाशा बाळगणाऱ्या यंत्राला नवे नाव सांगून उपयोग होत नाही. पिनकोडाचीही मदत बेताचीच. 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आलेली ती सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, जे स्वतः संस्कृतचे व्यासंगी कवी होते; परंतु तिचा हेतू टपालाची वर्गवारी हा होता, गोठ्याचे दार दाखविणे हा नव्हे, आणि 415523 या अंकांवरून फलटणच्या टपालकचेरीपलीकडे कोणी पोहोचू शकत नाही.

यावर उपाय एकच : नाव बाजूला ठेवून अक्षांश-रेखांश मागावेत, आणि यंत्र निवडताना ते अक्षांश-रेखांश कसे स्वीकारते, कसे जतन करते व कसे परत देते हीच पहिली परीक्षा करावी. दुकानात उभे राहून विक्रेत्याच्या देखत दशांश पद्धतीतले दोन आकडे यंत्रात भरून पाहावेत. ती सोय चार-चार पाने उलटल्यावर सापडत असेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून, एका हाताने फोन कानाशी धरून ती वापरणे कसे होईल, याचा अंदाज तेथेच येतो.

आकडे लिहिण्याच्या पद्धतीत मात्र मोठा धोका आहे. फलटणचा अक्षांश सुमारे 17 अंश 59 मिनिटे. हाच दशांशात 17.98 असा होतो, कारण अंशाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत. घाईत कोणी 17.59 असे भरले, तर यंत्र मुकाट्याने ते मान्य करते आणि तुम्हांला त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटर दक्षिणेस, थेट वडूजच्या परिसरात नेऊन सोडते. आकड्यांची अदलाबदल झाली, म्हणजे 74.43 हा रेखांश अक्षांशाच्या जागी बसला, तर बिंदू नॉर्वेच्या ब्योर्नोया बेटानजीकच्या समुद्रात पडतो. ही चूक त्या मानाने निरुपद्रवी, कारण यंत्र रस्ताच काढू शकत नाही आणि ती तत्काळ ध्यानात येते. महाराष्ट्रात अक्षांश 15 ते 23 आणि रेखांश 72 ते 81 यांच्या बाहेर कधी जात नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दशांशचिन्हापुढे पाच आकडे घ्यावेत. पाचव्या आकड्याची किंमत सुमारे एक मीटर असते, तर तिसऱ्यावर थांबल्यास शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडू शकतो, आणि उसाच्या फडात शंभर मीटर हे अंतर थोडे नसते.

गिऱ्हाईक फोनवरून 'लोकेशन' पाठविते तेव्हा दोन गोष्टींची खातरजमा करावी. ते कूलरपाशी उभे आहे की तालुक्याच्या बाजारात, हे आधी विचारावे, कारण पाठविले जाते ते फोनचे ठिकाण, कामाचे नव्हे. आणि पाठविण्यापूर्वी त्याच्या पडद्यावर किती मीटरांपर्यंत अचूक असा जो आकडा दिसतो, तो लहान होईपर्यंत पत्र्याच्या शेडबाहेर येऊन क्षणभर थांबण्यास सांगावे.

एवढे करूनही एक अडचण उरते, आणि पत्रलेखकांच्या टापूत ती विशेष जाचक आहे. बिंदू रस्त्यावर नसला म्हणजे यंत्र सामान्यतः सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता शोधून तेथे प्रवास संपविते. आता नीरा उजव्या कालव्याच्या अलीकडे वस्ती असेल आणि सर्वांत जवळचा रस्ता पलीकडच्या काठाने जात असेल, तर यंत्राच्या हिशेबाने तुम्ही पोहोचलेले असता, कूलर डोळ्यांना दिसत असतो, आणि मध्ये पाणी वाहत असते. मग पूल शोधत पुन्हा मागे जावे लागते. यासाठी माझा शिरस्ता असा आहे की, प्रत्येक ठिकाणाचे दोन बिंदू नोंदवावेत, एक डांबरी रस्ता सोडावयाच्या फाट्याचा आणि दुसरा दाराचा, व यंत्राला प्रथम फाट्यावर जाण्याचा हुकूम द्यावा. ज्या यंत्रात मधला थांबा घालता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी कालव्याच्या मुलखात घेऊ नये.

टपाल खात्याने 2025 च्या मे महिन्यात प्रसृत केलेल्या डिजिपिनचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण मला त्यापासून फार आशा आहेत. संपूर्ण देशावर एक चौकोन कल्पून त्याचे सोळा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा केले म्हणजे सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा तुकडा हाती येतो, आणि त्याची खूण दहा अक्षरांची होते. शून्य आणि ओ, एक आणि आय यांसारखा घोटाळा करणारी चिन्हे त्यात मुळीच घेतलेली नाहीत, त्यामुळे खरखरणाऱ्या फोनवरूनही ती सांगता येते. शिवाय ती अक्षांश-रेखांशांवरून केवळ गणिताने निघत असल्यामुळे नेटवर्क नसलेल्या ठिकाणीही काढता येते. इमारतीचा मजला तिच्यातून कळत नाही, हा शहरातल्या कारागिरांना जाणवणारा उणेपणा आहे. माळावर तो आड येत नाही.

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी मी यंत्र सरसकट नापसंत करतो ती सांगतो. वर्षानुवर्षे उन्हातान्हात हिंडून जमविलेले हे बिंदू म्हणजे कारागिराची मिळकत आहे. जीपीएक्स नावाचा सर्वमान्य नमुना 2002 पासून प्रचारात आहे. यंत्रातील बिंदू त्या नमुन्यात, किंवा साध्या तक्त्यात, बाहेर काढता आलेच पाहिजेत, तसेच एका वेळी शेकड्यांनी आत भरताही आले पाहिजेत. जे यंत्र घेते आणि परत देत नाही, ते पाण्यात पडले किंवा चोरीस गेले म्हणजे सगळी नोंदवही त्याच्याबरोबर जाते. पत्रलेखकांनी सध्याचाच फोन ठेवावा, खिशातले पैसे नव्या यंत्रावर न घालता जुन्या कामांच्या पावत्या काढाव्यात, आणि पुढच्या फेरीपासून प्रत्येक कूलरपाशी उभे राहून फाटा व दार असे दोन बिंदू, गिऱ्हाइकाच्या नावानिशी, देवनागरीत नोंदवीत जावे. महिन्याअखेर त्यांची एक प्रत घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी.

पडदा आणि बैठक, पुढील आठवड्यात.