जुन्या गाडीला पेट्रोलचा वास : कधी येतो ते बघा, दुखणे सापडेल

म्हैस रवंथ करीनाशी झाली की आपल्या ते लगेच ध्यानात येते. सोप्यात लावलेल्या जुन्या गाडीला मात्र पेट्रोलचा वास मारू लागला, तर 'येतोय कधीमधी' म्हणून आपण सोडून देतो. मिस्त्रीकडे न्यावी, तर नेमका त्या दिवशी वास नसतो. चार दिवसांनी पहाटे दार उघडावे, तर पुन्हा तोच वास. असा लपाछपी खेळणारा वास सर्वांत धोक्याचा, कारण गळती दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

गळलेले पेट्रोल लगेच उडून जाते, म्हणून जमिनीवर थेंब सापडत नाही. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीलगत पसरते, उंबऱ्याखालून आतल्या खोलीत शिरते. तिथे चूल, गॅस किंवा देवापुढची समई असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. गाडीशेजारी कडब्याची गंजी असेल, तर गोठ्यातल्या जनावरांचाही जीव टांगणीला लागतो.

पुराच्या पाण्याची करणी

नृसिंहवाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागात घरांबरोबर गाड्याही बुडाल्या. पुरानंतर गाडी धुतली, ऑईल बदलले, गाडी चालू झाली, की काम झाले असे वाटते. पण टाकीत राहिलेले पाणी तळाला बसते आणि आतून गंज धरतो. टाकीची जाळी फाटलेली असेल, तर त्या गंजाचा बारीक कण पेट्रोलबरोबर कार्बोरेटरमध्ये उतरतो.

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल पुरेसे भरले, की फ्लोट वर उचलतो आणि सुई भोक बंद करते. सुईखाली कण अडकला, की भोक पुरते मिटत नाही. वाटी भरून वाहते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकते. गाडी खड्ड्यात आदळली, की कण निघून जातो आणि वास बंद. दुसरा कण आला, की पुन्हा सुरू. मिस्त्रीकडे जाईपर्यंत वास जातो, त्याचे कारण बहुधा हेच असते. नुसती वाटी साफ करून हे भागत नाही. टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी, कॉकची जाळी बदलावी, सुई झिजली असेल तर तीही नवी टाकावी.

वास कोणत्या वेळी येतो?

एका वहीत आठ दिवस नोंद ठेवा. मिस्त्रीला निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

टाकी फुल्ल केल्यावरच वास येत असेल, तर झाकणाचे रबर किंवा टाकीचा वरचा जोड पाहावा. टाकी निम्म्यावर आली की तो आपोआप थांबतो.

रात्रभर गाडी उभी राहिल्यावर वास येत असेल, तर कॉकची परीक्षा घ्यावी. संध्याकाळी कॉक बंद करून गाडी उघड्यावर लावा. सकाळी वास नसेल, तर दोष कॉकच्या खाली, म्हणजे नळीत किंवा कार्बोरेटरमध्ये आहे. वास तसाच असेल, तर दोष टाकी, झाकण किंवा खुद्द कॉकमध्ये आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते.

गाडी कडक तापून थांबल्यावर काही वेळ वास येतो आणि मग जातो, असे असेल तर वाटीतले पेट्रोल इंजिनच्या उष्णतेने उडत असते. जुन्या गाडीत हे थोडे चालायचेच. पण रोजच उग्र वास येत असेल, तर वाटीचे पॅकिंग तपासावे.

फक्त थंडीत पहाटे वास येत असेल, तर कडक झालेली रबरी नळी आणि तिच्या क्लिपा पाहाव्यात. गारठ्यात रबर आखडते, गाडी तापली की पुन्हा बसते.

चालू गाडीच्या धुराला वास येत असेल, तर ती गळती नव्हे. चोक अडकला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा प्लग नीट जाळत नसेल.

इथेनॉल आणि जुने रबर

आपल्या उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. त्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच. पण जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि पॅकिंग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते रबर फुगते, नरम पडते किंवा तडकते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी लवकर गंजते. नळी बदलताना नव्या पेट्रोलला चालणारीच मागून घ्यावी. फवाऱ्याची किंवा पाण्याची साधी नळी कधीही लावू नये.

चारचाकी असेल तर

कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये इंजिनवर चालणारा पेट्रोल पंप असतो. त्याचा पडदा फाटला, की पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकते. ऑईलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑईलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर गाडी चालवू नका. मागच्या सीटवर वास येत असेल, तर पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड रबरी नळी तपासावी.

घरच्या घरी शोध

गाडी उघड्यावर घ्या, इंजिन गार होऊ द्या, मातीचा थर पुसून काढा. मग जोडांवर खडूची पूड भुरभुरवा आणि खाली कोरा कागद पसरून वाट पाहा. पूड जिथे ओली दिसेल, तिथे गळती. पेट्रोल उडाले तरी मागे पिवळसर-तपकिरी डाग उरतो, तोही खूण सांगतो. एम-८० किंवा जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑईल असते, त्यामुळे तेलकट डाग लवकर सापडतो.

काडी किंवा लायटर पेटवून गळती शोधू नये. बिडी दूर ठेवावी. उजेडाला बॅटरीच घ्यावी. वास घरात भरला असेल, तर दिव्याचे बटण दाबू नये आणि गाडीला किकही मारू नये. आधी दारे-खिडक्या उघडून मोकळी हवा येऊ द्यावी. पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये, पेटते पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरते. कोरडी वाळू किंवा माती टाकावी. काढलेले खराब पेट्रोल गटारात ओतू नये, गटार शेवटी नदीलाच मिळते.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

पूर ओसरला, की घरांचे आणि पिकांचे पंचनामे होतात. त्याच आठवड्यात गावातल्या मिस्त्र्यांना बोलावून बुडालेल्या गाड्यांची तपासणी एका जागी ठेवावी. बुडालेली गाडी टाकी, कार्बोरेटर आणि ऑईल साफ केल्याशिवाय चालू करू नये, अशी दवंडी द्यावी. ग्रामसेवक आणि तलाठ्यांनी सुरुवात स्वतःच्या गाडीपासून केली, तर गाव आपोआप मागे येईल.

नळी, क्लिप, पॅकिंग, सुई हा सारा थोडक्या पैशांचा माल आहे. तोवर गाडी सोप्यात आणू नका, कॉक बंद करून अंगणातच लावा.